पायांत काय घालावे?

पाचगणीत राहणाऱ्या माणसाला उन्हाळा आल्याचे कॅलेंडरवरून कळत नाही, दारातल्या चपलांवरून कळते. एरवी आमच्या उंबऱ्याबाहेर दोनच जोड असतात, एक माझा आणि एक यजमानांचा. एप्रिल संपत आला की खालच्या गावांतून उकाड्याला कंटाळलेले नातेवाईक वर येऊ लागतात, आणि मग पायरीवर पाऊल टेकायला जागा उरत नाही. गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी मी सहज मोजले, तर माणसे सहा आणि जोड अकरा! बूट होते, कोल्हापुरी होती, रबरी स्लीपर होत्या, भोकाभोकांचे फुगीर फोमचे जोडे होते. कोपऱ्यात आत्याबाईंची एक जुनी चप्पल होती. तिचा अंगठा दोनदा शिवलेला होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी टेबल लँडवर जायचे ठरले होते. पाचगणीचे हे पठार तुम्ही पाहिले असेल. सुमारे तेराशे मीटर उंचीवरचा तो जांभ्या दगडाचा सपाट विस्तार लांबून टेबलासारखा गुळगुळीत दिसतो. पण त्यावर चालून पाहा! जांभा म्हणजे खडबडीत, भोकाळलेला दगड. त्यावर बारीक तांबडी खडी पसरलेली, आणि सकाळी दहाच्या पुढे तो असा तापतो की हात टेकवत नाही. तेव्हा जेवताना कोणीतरी साधा प्रश्न विचारला, "उद्या पायांत काय घालावे?" आणि श्रोतेहो, रात्री साडेदहापर्यंत आमच्याकडे त्यावर वाद चालला. राजकारणावर सुद्धा आमच्या घरात इतका वेळ बोलणे होत नाही.

पहिले मत आमच्या ह्यांचे. त्यांचा बुटावर भारी विश्वास. नाडी आवळून बांधलेला बूट म्हणजे निम्मा प्रवास झाला, असे ते मानतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. खडबडीत जमिनीवर पाऊल वाकडे पडले तर घोटा सांभाळायला बूट बरा. काटा, ठेच, विंचू यांपासून तो बचाव करतो. शिवाय पाचगणी हे शाळांचे गाव. इथल्या शाळांत पिढ्यान्पिढ्या मुले काळे बूट चकाकवून रांगेत उभी राहिली आहेत, आणि इथल्या माणसाला बुटाचा थोडा अभिमान असतोच. पण मे महिन्यात मोज्याच्या आत पायाचे काय होते, ते संध्याकाळी बूट काढल्यावर घरातल्या सर्वांनाच कळते!

दुसरे मत भाऊजींचे. ते कोल्हापूरचे, तेव्हा त्यांचे मत काय असणार हे मी सांगायला नको. ते म्हणाले, "वहिनी, उन्हाळ्यात कोल्हापुरीसारखे सुख नाही. पायाला वारा लागतो, चामडे घाम पिते, आणि महिनाभरात तळव्याचा घाट असा उमटतो की दुसऱ्याच्या पायात ती बसायची नाही." ह्यात अतिशयोक्ती फार नाही. अस्सल कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवून कमावतात. ह्या कामाला आठवडेच्या आठवडे लागतात. कारखान्यातले क्रोमचे चामडे त्या मानाने फार लवकर तयार होते. जुन्या पद्धतीने कमावलेले चामडे ओलावा शोषते आणि सोडते, म्हणून पाय कोंदटत नाही. जुन्या पद्धतीची चप्पल शिवतातही चामड्याच्याच वादीने, खिळा न वापरता. कान, अंगठा, पट्टा, वेणी, गोंडा असे तिचे अवयव, आणि कापशी, पायताण, पुकारी, बक्कलनाळी अशी तिच्या जातींची नावे. ती नावे भाऊजी अशी घेतात की ऐकणाऱ्याला वाटावे, घरातल्या गायींचीच चालली आहेत.

आणि एक गोष्ट पाचगणीकरांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 'कोल्हापुरी' हे नाव एका शहराचे असले तरी हा धंदा एका शहराचा नव्हे. २०१९ साली ह्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली, तेव्हा त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते : कोल्हापूर, सोलापूर, सांगली आणि आपला सातारा. कर्नाटकातलेही चार होते : बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर. म्हणजे आपल्या जिल्ह्यातला कारागीरही ह्या नावाचा रीतसर वाटेकरी आहे.

तिसरे मत जाऊबाईंचे, आणि ते दोन वाक्यांत संपले. "रबरी स्लीपर घ्यावी, नळाखाली धुवावी, तुटली तर दुसरी आणावी. पायात घालायच्या वस्तूवर इतका विचार कसला करायचा?" बोलायला ही स्लीपर अगदी साधी. पण तिची वंशावळ पाहा. तो दोन पट्ट्यांचा घाट जपानी लोकांच्या 'झोरी' नावाच्या गवती चपलेवरून आला, नाव हवाई बेटांचे पडले, आणि ती आपल्याकडे येऊन अशी रुजली की आज शेतावर, न्हाणीघरात, एस.टी.च्या फलाटावर, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत, जिथे पाहाल तिथे तीच. ज्या घरात पूर्वी पायताण एकट्या कर्त्या पुरुषाच्याच नशिबी असे, त्या घरातल्या बायका-मुलांच्या पायांत काही आले, ते बऱ्याच अंशी ह्या स्वस्त रबरामुळे. हे उपकार लहान नाहीत. अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यातून अंकुशकृमी शरीरात शिरतो आणि रक्त शोषतो. साधी स्लीपर तेवढ्यापुरती तरी आड येते.

चौथे मत पुण्याहून आलेल्या पुतण्याचे. त्याच्या पायांत ते भोकांचे फोमचे जोडे. २००२ च्या सुमारास अमेरिकेत बोटीवर घालण्यासाठी म्हणून ते निघाले, आणि आता शस्त्रक्रियेच्या खोलीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे पोचले आहेत. भाऊजींनी त्यांना "चाळणी" म्हटले. पुतण्या रागावला नाही. तो म्हणाला, "काका, दिसायला वाईट आहेत हे मलाही कळतं. पण दिवसभर घातले तरी पाय आठवत नाही." मला हे उत्तर आवडले. पायाची आठवण राहू नये, हीच तर चांगल्या पादत्राणाची खूण!

राहता राहिल्या आत्याबाई. त्या यजमानांच्या आत्या, वय चौऱ्याहत्तर. त्या म्हणाल्या, "तुमचं काहीही असो. पाय जमिनीला लागला पाहिजे. वारीला आम्ही अनवाणी चाललो, काय झालं?" आता ह्यावर कोण काय बोलणार? ज्या जिल्ह्यातून माउलींची पालखी जाते, ज्या जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी त्या सोहळ्याला आजचे रूप दिले, तिथे अनवाणी चालण्याविरुद्ध बोलण्याची कोणाची छाती नाही. आणि गंमत पाहा, पालखीत असतात त्याही पादुकाच. नीरेच्या पाण्यात स्नान घालतात तेही पादुकांनाच. रामाच्या मागे भरताने राज्य चालवले ते पादुकांच्या नावाने. पायांत घालायची वस्तू आपण डोक्यावरही घेतो आणि उंबऱ्याबाहेरही ठेवतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, ज्याने त्याने आपापले मत पायांत घालून. निकाल असा लागला. ह्यांचे पाय बुटात शिजले. भाऊजींनी खास ह्या सफरीसाठी नवी कोरी कोल्हापुरी काढली होती, तिने अर्ध्या तासात अंगठ्याजवळ चावा घेतला. नवी चप्पल आठवडाभर घरात, तेल लावून, थोडी थोडी वापरून मऊ करायची असते, हे त्यांनीच आम्हाला शेकडो वेळा सांगितलेले! जाऊबाईंच्या स्लीपरचा पट्टा ऐन पठाराच्या मध्यावर निसटला आणि तिथे पदराची सेफ्टी पिन कामाला आली. पुतण्याचे फोम खडीवर दोनदा घसरले. ज्याचे त्याचे मत थोडेथोडे खरे होते आणि थोडेथोडे खोटे ठरले. उतरताना सगळे हसत होते.

आत्याबाई गाडीतच बसल्या होत्या, म्हणून त्या दिवशी त्यांच्या मताची परीक्षा झाली नाही. ती तिसऱ्या दिवशी झाली.

त्या दिवशी आम्ही पसरणीचा घाट उतरून वाईला गेलो. पोचायला दुपारचा एक वाजला, आणि ही चूक माझी. सकाळी निघायला हवे होते. नदीकाठच्या एका देवळात दर्शन घ्यायचे म्हणून चपला बाहेर काढल्या. दगडी फरसबंदीवर पाऊल टेकताच आम्ही सगळे उड्या मारत सावलीकडे पळालो. आत्याबाई मात्र शांतपणे, एकेक पाऊल टाकत, सावकाश चालत आल्या. भाऊजी कौतुकाने म्हणाले, "बघा, ह्याला म्हणतात सवय." मलाही तसेच वाटले. मनात थोडी लाजही वाटली.

रात्री त्यांचे पाय चेपायला बसले तेव्हा उजव्या तळव्याला हाताला ओले लागले. दिव्याखाली पाहिले, तर चवड्याखाली रुपयापेक्षा मोठा फोड येऊन फुटलेला. मी दचकून म्हटले, "आत्याबाई, दुखत नाही?" त्या म्हणाल्या, "कुठं काय? काही झालंय का?"

अठरा वर्षे त्यांना मधुमेह आहे. पायाची जाणीव केव्हा गेली ते त्यांना कळलेच नव्हते, आणि जाणीव जाते तेव्हा ती सांगून जात नाही. आम्ही जिला सवय म्हणत होतो, ती सवय नव्हतीच.

डॉक्टरांनी मलमपट्टी केली. रागावले मात्र माझ्यावर. म्हणाले, "बाई, दुखणं हा शत्रू नाही. दुखणं हा पहारेकरी. ह्यांचा पहारेकरी झोपला आहे, तेव्हा पहारा आता तुम्ही द्यायचा." जखम भरायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत आम्ही घरात जे शब्द उच्चारले नाहीत, ते सगळ्यांच्या मनात होते. बोट जाणे, पाऊल जाणे, असल्या गोष्टी आपण इतरांच्या घरी घडलेल्या ऐकतोच. देवाच्या कृपेने आणि डॉक्टरांच्या हाताने आमचे निभावले.

त्या काळात मी थोडे वाचन केले. १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड नावाचे शल्यवैद्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडतात, असा तेव्हा सर्वांचा समज होता. ब्रँड यांनी बारकाईने पाहिले तेव्हा दिसले की बोटे झडत नाहीत, ती दुखापतींनी जातात. माणसाला चटका कळत नाही, खिळा कळत नाही, चप्पल चावते ते कळत नाही, आणि न कळलेली जखम वाढत जाते. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पायांसाठी मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या तळाची चप्पल वापरात आणली. तिला एम.सी.आर. चप्पल म्हणतात. आज मधुमेही माणसांसाठीही डॉक्टर तीच सुचवतात. एका साध्या चपलेने किती पाय वाचले असतील!

डॉक्टरांनी आम्हाला चिठ्ठी दिली : आतून मऊ, खालून टणक, मागे टाचेला पट्टा, आणि अंगठ्याच्या बेचक्यात काहीही नको. म्हणजे भाऊजींची कोल्हापुरी बाद, जाऊबाईंची स्लीपरही बाद. बाजारात शोधले. ज्या मिळाल्या त्या आत्याबाईंच्या रुंद, वाकड्या पायात बसेनात. शेवटी मी आमच्या ओळखीच्या चर्मकारांकडे गेले. त्यांना सगळे तात्या म्हणतात. रस्त्याच्या कडेला, छत्रीएवढ्या सावलीत त्यांची बैठक असते. तात्यांनी चिठ्ठी वाचायच्या आधी जुनी चप्पल मागितली. ती उलटी केली, बोटाने चाचपली आणि म्हणाले, "बाई, ह्या माउली उजव्या पायावर जास्त भार टाकतात. डावा गुडघा दुखतो का?" दुखत होता. दहा वर्षे दुखत होता, आणि आमच्यापैकी कोणीही त्यांना तो प्रश्न इतक्या सरळ विचारलेला नव्हता.

मग त्यांनी कागदावर आत्याबाईंचे पाऊल उभे करून आखले, दोन्ही पायांचे वेगवेगळे. एम.सी.आर.चे रबर डॉक्टरांकडून कळलेल्या ठिकाणाहून मी आणवले. तात्यांनी आरी आणि रापी घेऊन पाच दिवसांत चप्पल केली. टाके असे बसवले की आत बोट फिरवले तर कुठेही टोचू नये. खिळा एकही नाही. किंमत विचारली. त्यांनी सांगितली, आणि सांगताना त्यांची नजर खाली गेली. मी घासाघीस करणार हे त्यांनी धरूनच ठेवले होते.

वाचकहो, खरे सांगते, जिभेवर शब्द आले होते. सवयच तशी. डॉक्टरांनी तपासणीचे पैसे सांगितले तेव्हा मी घासाघीस केली नव्हती. औषधाच्या दुकानात केली नव्हती. मग इथेच का सुचली? "पायीची वहाण पायीच बरी" अशी आपली म्हण आहे. आपण ती वहाणेबद्दल म्हणतो, पण ती माणसांना उद्देशून वापरली गेली आहे, हे तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. वहाण करणाऱ्यालाही आपण उंबऱ्याबाहेरच ठेवले, शतकानुशतके. संत रोहिदासांची जयंती आपण साजरी करतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच धंद्यातल्या माणसाशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो.

मी सांगितलेली किंमत दिली आणि म्हटले, "तात्या, ह्यात पाऊल वाचलंय." त्यांनी फक्त मान हलवली.

तुम्हाला आठवत असेल, जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरी प्राडा नावाच्या मोठ्या कंपनीने पुरुषांच्या उन्हाळी पोशाखांच्या प्रदर्शनात अगदी कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली. प्रथम आपल्या कारागिरांचे नावही घेतले नाही. ओरड झाली, तेव्हा ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे असे त्यांनी मान्य केले. आपण सगळे रागावलो, आणि रागावणे योग्यच होते. पण तात्यांना मी ही बातमी सांगितली तेव्हा ते हसले. म्हणाले, "परदेशातल्यांनी नाव घेतलं नाही म्हणून लोकांना वाईट वाटलं, बरं झालं. इथं माझं नाव किती जणांना ठाऊक आहे?" त्यांचा मुलगा पुण्यात एका कंपनीत कामाला आहे. त्याने हा धंदा करावा असे तात्यांना वाटत नाही. त्यांचे चुकते असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. ज्या कामाला मान नाही, त्या कामात मुलाने राहावे असा हट्ट कोणता बाप धरील?

जाता जाता एक गोष्ट. जुलै १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजी प्रकृतीसाठी पाचगणीला येऊन राहिले होते. त्या बंगल्यापाशी लोक आजही माहिती विचारतात. पण हे फार थोड्यांना ठाऊक असते की गांधीजी स्वतः उत्तम चप्पल शिवत. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी ही कला आपले मित्र कॅलनबाख यांच्याकडून घेतली, आणि कॅलनबाख ती एका ख्रिस्ती मठात शिकून आले होते. ज्या जनरल स्मट्सनी गांधीजींना तुरुंगात टाकले, त्यांनाच गांधीजींनी आपल्या हातची एक जोडी भेट दिली. स्मट्सनी ती कित्येक उन्हाळे वापरली आणि १९३९ साली, गांधीजींच्या सत्तराव्या वर्षी, आदराने परत पाठवली. इतक्या थोर माणसाच्या पादत्राणांत उभे राहण्याची आपली योग्यता नाही, असा भाव त्यांनी तेव्हा व्यक्त केला. बॅरिस्टर झालेल्या माणसाला चप्पल शिवण्यात कमीपणा वाटला नाही. मग घालणाऱ्याला, शिवणाऱ्याला मान देण्यात कमीपणा का वाटावा?

तर, पायांत काय घालावे? आमच्या घरातला वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटू नये असेच मला वाटते. ज्याचा पाय, त्याचे मत. पण चार गोष्टींवर आता आमचे एकमत झाले आहे. चप्पल संध्याकाळी घ्यावी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. दोन्ही पायांत घालून, उभे राहून, चार पावले चालून घ्यावी. "नंतर सैल होईल" ह्या आशेवर घट्ट जोड घेऊ नये. आणि चामड्याची चप्पल पहिल्या पावसाआधी पुसून, तेल लावून, कोरड्या जागी ठेवून द्यावी. पाचगणीचा पाऊस तिला मानवत नाही.

ज्यांच्या घरी मधुमेही माणूस आहे त्यांना आणखी दोन. रोज रात्री दिव्याखाली त्यांचे दोन्ही तळवे पाहा. आणि उन्हातान्हात त्यांना अनवाणी चालू देऊ नका. दर्शनाला सकाळी न्या, पायांत जाड मोजे घाला. देव रागावणार नाही.

आत्याबाई यंदाही आल्या आहेत. त्यांची चप्पल आता उंबऱ्याबाहेर नसते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्या ती घरातही घालतात. पहिल्या दिवशी त्या देवघराच्या दाराशी थबकल्या, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "इथं तरी काढू ना?" मी सतरंजी अंथरली. त्यांनी चप्पल काढली, हाताने धूळ झटकली आणि भिंतीशी नीट जोडून ठेवली.